डायनॅमोवर जेवढं चालेल

माझ्या सासऱ्यांची गाडी माझ्या बायकोपेक्षा वयाने मोठी आहे आणि लाडातही तिच्या वरचढ आहे. हे मी म्हणत नाही, बायकोच म्हणते. लहानपणी तिला ताप आला की आई तिला डॉक्टरकडे घेऊन जायची, आणि गाडी खोकली की अप्पा रजा टाकायचे. अप्पा म्हणजे माझे सासरे. सगळी नोकरी त्यांनी जलपुरवठ्याच्या पंपांवर देखरेख करण्यात काढली. निवृत्त झाले तेव्हा पंप सुटले आणि गाडी तेवढी हातात राहिली.

माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. लग्न ठरताना अप्पांनी मला दोनच प्रश्न विचारले होते. दारू पिता का, आणि मोटरीच्या आर्मेचरची तार स्वतः गुंडाळता की बाहेरून करून आणता? दारू नाही, आर्मेचर बाहेरून, असं मी खरं ते सांगितलं. अप्पा सासूबाईंकडे वळून म्हणाले, "मुलगा प्रामाणिक आहे." त्याच्याबद्दल आणखी काही चांगलं बोलता येणार नाही, असा त्यांचा सूर होता. तेव्हापासून मी त्यांचा जावईबापू आहे, आणि हा शब्द ते कधीही सरळ, टोमण्याशिवाय, उच्चारत नसत.

या गाडीला चार्जिंगसाठी जुना डायनॅमो. त्याने बॅटरी कधी पुरती भरत नाही. म्हणून अप्पांनी एक रीत लावून घेतली होती. रोज संध्याकाळी बॅटरीचे दोन नट हाताने सोडवायचे, कान असलेले नट, त्यांना पाना लागत नाही. मग बॅटरी उचलून घरात आणायची, बोळात लाकडी फळीवर ठेवायची आणि चार्जरला लावायची. सकाळी अंघोळीच्या आधी ती परत गाडीत. चाळीस वर्षं हे चाललं होतं. अशा जुन्या गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक गाडीच्या पत्र्याला, म्हणजे अर्थला जोडलेलं असतं आणि मायनस वायरिंगकडे जातं. आता सगळ्या गाड्यांत बरोबर याच्या उलट असतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं तिच्यावर येऊन अडलं.

आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, फुफ्फुसांचं दुखणं आहे. वर्षभरापासून त्या ऑक्सिजनच्या मशीनवर आहेत. नाकात नळी, नळी कानांवरून मागे, आणि कोपऱ्यात मशीनची घरघर. पूर्वी आई बोलायला लागल्या की समोरच्याला श्वास घ्यायला फुरसत मिळायची नाही. आता त्या अर्धं वाक्य बोलून थांबतात आणि उरलेलं डोळ्यांनी सांगतात. अप्पांना तोंडापेक्षा हे डोळेच जास्त लागतात.

एके दिवशी आईंच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. मावशींचं घर विकलं गेलं होतं. त्यांचा मुलगा त्यांना कायमचं आपल्याकडे घेऊन जाणार होता, समुद्रापलीकडे. सोमवारी दुपारी तो न्यायला आला की निघायचं होतं. आईंनी फोन ठेवला. मग म्हणाल्या, "मला ताईला... बघायचंय."

मावशींचं गाव अप्पांच्या गाडीच्या चालीने सहा तासांवर. प्रवासाचं छोटं मशीन आम्ही घेतलं होतं, पण त्याची स्वतःची बॅटरी दोन-अडीच तासांत मान टाकते. बायको म्हणाली, आपण रुग्णवाहिका करू, त्यात सगळी सोय असते.

"नको," आई म्हणाल्या. "ताईच्या दारात मी... स्ट्रेचरवरून उतरले तर... तिला वाटेल मी तिला निरोप द्यायला नाही... घ्यायला आलेय."

मग माझ्या भावाच्या नव्या गाडीत त्यांना बसवून पाहिलं. त्या सीटवर माणूस मागे रेलतो आणि गुडघे वर येतात. पहिल्या वळणालाच आईंचा जीव घाबरा झाला. त्यांना सरळ, ताठ पाठीने बसावं लागतं, खुर्चीत बसल्यासारखं. अप्पांच्या गाडीची पुढची सीट अखंड बाकासारखी आहे, उंच आणि सरळ पाठीची. त्या सीटवर आई तासन्‌तास बसू शकतात. म्हणजे जायचं तर त्याच गाडीने, आणि गाडीने मशीनला वीज दिली पाहिजे. आणि वीज म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

डायनॅमोचं दुखणं मी अप्पांना नव्याने सांगण्यात अर्थ नव्हता. गाडी धावते तोवर तो कमावतो, सिग्नलला थांबली की हात वर करतो. दिवे लावले की त्याची सगळी कमाई दिव्यांतच जाते. त्यात आता मशीन, आईंना वारा लागतो म्हणून छोटा पंखा आणि परतताना अंधार. मी म्हटलं, "अप्पा, डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवावा लागेल. गाडी उभी असली तरी तो पुरेशी वीज देतो."

अप्पांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "या गाडीत मी भोक पाडू देणार नाही."

"एकही पाडत नाही."

"तो डायनॅमो मी स्वतः गुंडाळलाय. माझ्या हाताने."

"माहीत आहे मला."

"मग त्यात कमी काय आहे, ते सांगा."

आतल्या खोलीतून आईंचा आवाज आला, "वीज."

अप्पांनी पडतं घेतलं, पण अटी घालून. जुन्या वायरी कापायच्या नाहीत, बांधून बाजूला ठेवायच्या. डायनॅमोचं चार्जिंग जोडणारा-तोडणारा जुना कटआऊट होता तिथेच राहील. आणि मावशींकडे जाऊन आलो की डायनॅमो परत जागेवर बसवायचा. मला असलं काम आवडत नाही. एकाच बॉनेटखाली दोन संसार म्हणजे नुसता गुंता. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहिलो, पण काम त्यांच्या अटींप्रमाणेच केलं.

काम अप्पांच्या शेडमध्ये झालं. डायनॅमो सोडवला तेव्हा अप्पांनी तो माझ्या हातून काढून घेतला, पुसला, तेलाचा हात दिला, जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि फळीवर ठेवला. त्याच्या जागी अल्टरनेटर बसवायला मी एक ब्रॅकेट वळवून आणलं होतं. पट्टा ताणला. डॅशबोर्डच्या खाली आधीपासून असलेल्या स्क्रूवर मशीनचं सॉकेट अडकवलं, म्हणजे भोकाची तक्रार नको. चार्जिंगच्या वायरीत एक जाड फ्यूज टाकला. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे गाडीचा अर्थ बदलला. अल्टरनेटर उलट्या अर्थवर चालत नाही, लगेच जळतो. म्हणून आता मायनस पत्र्याला, प्लस वायरिंगला. बॅटरी मी तोंड फिरवून बसवली आणि प्लसच्या वायरीला लाल पट्टी गुंडाळली.

"अप्पा, आता प्लस इकडे. नीट बघून घ्या."

"पाहिलं."

"जुन्यासारखं लावलं तर..."

"जावईबापू, मी सगळी हयात मोटरींमध्ये काढली. प्लस-मायनस मला नका शिकवू."

तरीही मी आणखी दोनदा सांगितलं. शेवटच्या वेळी ते उठून चहा सांगायला आत गेले.

सगळं झाल्यावर आईंना गाडीत आणून बसवलं. इंजिन नुसतं चालू, गाडी जागेवर उभी. मशीन लावलं, पंखा लावला, मग मुद्दाम पुढचे दिवेही लावले. अँपिअरचा काटा किंचित हलला आणि मधोमध उभा राहिला, म्हणजे बॅटरी रिती होत नव्हती. या गाडीत हे दृश्य कुणी पाहिलं नव्हतं. अप्पा काट्याकडे बघत राहिले. आई डोळे मिटून वारा घेत होत्या. "पंखा जरा... इकडे," त्या म्हणाल्या. अप्पांनी पंखा वळवला आणि मला म्हणाले, "बरं आहे." अप्पांच्या तोंडून याच्यापेक्षा मोठी शाबासकी बाहेर पडलेली कुणाच्या ऐकिवात नाही. मी खूश झालो. निघताना बजावलं की आता बॅटरी काढून घरात न्यायची गरज नाही, ती गाडीतच भरलेली राहील. ते म्हणाले, "बरं."

रविवारी सकाळी आम्ही दोघं डबे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन पोचलो, तर अप्पा शेडच्या पायरीवर बसलेले. गुडघ्यांवर हात. मागे बॉनेट उघडं. आणि शेडमध्ये तो वास, जो मी झोपेतही ओळखीन. तारांवरच्या जळलेल्या वार्निशचा.

"मी उलटी लावली," अप्पा म्हणाले.

झालं होतं ते असं. बॅटरी गाडीत भरलेली आहे हे त्यांना पटलं होतं, पण पुरती भरलेली आहे का, याची खात्री नव्हती. बायकोचा श्वास तिच्यावर चालणार म्हटल्यावर त्यांना झोप येईना. म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांनी ती काढून घरात नेली, फळीवर ठेवली, रात्रभर चार्ज केली. सकाळी आणून बसवली. डोळ्यांनी नाही बसवली, हातांनी बसवली, चाळीस वर्षं बसवली तशी. प्लस पत्र्याला. लाल पट्टी डोळ्यांसमोर होती, पण हात पट्टी कुठे वाचतात? मोठी ठिणगी पडली, फ्यूज उडाला, आणि फ्यूज उडायच्या आत अल्टरनेटरचे डायोड गेले.

मी मीटर लावून पाहिलं. काही शिल्लक नव्हतं. रविवार. सुट्या भागांची सगळी दुकानं बंद. माझ्या दुकानात या ब्रॅकेटवर बसेल असा दुसरा अल्टरनेटर नाही. माझा तोल गेला.

"तीनदा सांगितलं होतं, अप्पा! तीनदा! लाल पट्टी कशाला लावली होती मी, शोभेला? काढू नका म्हटलं होतं ना बॅटरी? तुम्ही कुणाचं ऐकलंय कधी जन्मात?"

अप्पा गुडघ्यांवरचे हात बघत राहिले. ज्या माणसाकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं, तो गप्प बसला की आपलं ओरडणं आपल्याच कानांना घाण वाटायला लागतं. मी थांबलो. बायको माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात घराच्या खिडकीतून आईंचा आवाज आला. त्या ठेवणीतले कपडे घालून, केस विंचरून, कधीच्या तयार होऊन बसल्या होत्या.

"काय... झालं?"

अप्पांनी मान वर केली, पण तोंड उघडलं नाही.

"काही नाही आई," मी म्हणालो. "एक वायर ढिली झालीय. बसवतो."

खिडकी मिटली. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मी सांगू शकत नाही, पण मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली, एवढं खरं. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. मग आम्ही दोघांनी जवळजवळ एकाच वेळी फळीवरच्या टॉवेलकडे पाहिलं.

"मशीन आणि इग्निशन," अप्पा हळू आवाजात म्हणाले. "पंखा नाही. वायपर नाही. दिवे नाहीत. गाडी धावती असली तर डायनॅमो एवढं देईल."

"आणि थांबलो तर?"

"थांबलो तर मशीन त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर. धावायला लागलो की परत गाडीवर."

"जाताना जमेल हो. येताना अंधार पडेल. दिवे आणि मशीन दोन्ही तो ओढणार नाही."

अप्पांनी हिशेब केला. ओठ हलत होते. मग म्हणाले, "मग आज परत यायचं नाही. उजेडात जायचं, उजेडात यायचं."

आईंचा बेत असा होता की दोन तास बसायचं, चहा घ्यायचा आणि ताईवर भार न टाकता रात्रीपर्यंत घरी यायचं. तो बेत तिथेच मोडला. पण नुसतं जाणं तरी हातात राहिलं होतं, आणि मावशी दुसऱ्या दिवशी दुपारी कायमच्या जाणार होत्या.

आम्ही कामाला लागलो. ज्या अटींवरून मी कुरकुर केली होती त्याच अटींनी आम्हाला तारलं. जुन्या वायरी जागच्या जागी बांधलेल्या, कटआऊट जागेवर, एक बोल्टही इकडचा तिकडे गेलेला नाही. हे मी अप्पांना मोठ्याने सांगितलं. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. डायनॅमो चढला, पट्टा चढला. मशीनचं सॉकेट नव्या अर्थवर जोडलेलं होतं, म्हणून अर्थ तसाच ठेवायचा होता, आणि त्यासाठी एक गोष्ट करायची होती. या डायनॅमोच्या लोखंडात जुन्या अर्थचं चुंबकत्व मुरलेलं होतं. ते पालटायला त्याच्या एका टोकाला बॅटरीची वायर क्षणभर टेकवायची असते. अप्पांनी वायर हातात घेतली. मग ती माझ्यापुढे धरली.

"तुम्ही लावा."

मी टेकवली. बारीकशी ठिणगी पडली आणि काम झालं. बॅटरीही मीच बसवली. अप्पा शेजारी हात पाठीमागे बांधून उभे होते.

निघालो तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. गाडी अप्पाच चालवणार, त्यात कुणाचं काही चाललं नसतं. शेजारी आई, त्यांच्या पायांशी मशीन, मागे आम्ही दोघं आणि माझी हत्यारांची पेटी. अप्पा रस्ता आणि काटा, काटा आणि रस्ता, असं बघत होते. गाडी एका चालीने धावत होती तोवर काटा मधल्या रेघेच्या जरासा उजवीकडे थरथरत राहिला. म्हणजे खर्च भागून चिमूटभर शिल्लक पडत होती.

पंखा नसल्यामुळे बायको मागून जाड पुठ्ठ्याने आईंना वारा घालत होती. तिचा हात दुखला की मी. वाटेत एक बोगदा लागला. दिवे लावणं भाग होतं. अप्पांनी "आता" म्हटल्याबरोबर मी पुढे वाकून मशीनची वायर सॉकेटमधून उपटली, आणि पलीकडे उजेड आल्याबरोबर परत खुपसली. त्यानंतर रेल्वेचं फाटक. ते बंद दिसताच अप्पांनी लांबूनच गाडी रांगत आणायला सुरुवात केली, थांबावं लागू नये म्हणून. पण फाटकाला त्याचं काय? थांबावंच लागलं. काटा डावीकडे कलंडला. अप्पांनी गाडी न्यूट्रलला टाकून इंजिन रोरावत ठेवलं. पुढचा स्कूटरवाला मागे वळून डोळे वटारायला लागला.

"त्याला वाटतंय," आई म्हणाल्या, "तुम्हाला... फार घाई आहे."

"आहेच," अप्पा म्हणाले.

आई हसल्या. मी आरशात अप्पांचा चेहरा पाहिला. ते हसले नाहीत.

मावशींच्या घरापुढे पोचलो तेव्हा सूर्य समोरच्या इमारतीला टेकला होता. अप्पांनी गाडी फाटकाशी उभी केली. आई म्हणाल्या, "नळी काढा."

"आई, काहीतरीच काय!" बायको म्हणाली.

"दारापर्यंतच."

वाद घालण्यात त्यांचा श्वास गेला असता, म्हणून आम्ही ऐकलं. बायकोने नळी काढली. आई फाटकातून एकेक पाऊल टाकत निघाल्या, एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला अप्पा. हत्यारांच्या पेटीत आलेला डायनॅमोचा टॉवेल मी मशीनवर टाकला आणि चोरासारखा मागून चाललो. दारात मावशी उभ्या होत्या. त्यांना आता माणसं नुसती आकारावरून कळतात. आई जवळ आल्या तशा मावशींनी दोन्ही तळव्यांत त्यांचा चेहरा धरला. कपाळ चाचपलं, मग गाल चाचपले, आणि त्यांचे अंगठे गालांवर थांबले. नळीने वर्षभरात आईंच्या दोन्ही गालांवर खाचा पाडल्या आहेत.

"हे काय?" मावशी म्हणाल्या.

"उशीचे... वळ."

"दोन्ही गालांवर? सारखे?" मावशींनी अंगठे तिथून हलवले नाहीत. "वर्षभर फोनवर तुझ्यामागे घरघर ऐकतेय मी. आधी वाटलं तुमचा फ्रीज जुना झालाय. मग म्हटलं, फ्रीज इतका कसा जुना होईल? मशीन कुठंय? आधी घाल बघू नाकात. मला दिसत नाही म्हणून फसवायला निघालीस होय गं?"

आई हसायला लागल्या. हसणं त्यांना परवडत नाही. खोकला आला, ओठ निळसर झाले. मी टॉवेल फेकून मशीन पुढे केलं, बायकोने नळी अडकवली. थोड्या वेळाने रंग परत आला. मावशी सगळा वेळ आईंचं मनगट घट्ट धरून होत्या.

घरात खोकी, दोऱ्या, भिंतींवरून काढलेल्या चित्रांचे चौकोन. बसायला तीन खुर्च्या उरल्या होत्या. चहा झाला तसे अप्पा उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आज परत जाता येणार नाही. गाडीचे दिवे आणि मशीन एकदम चालत नाही. चूक माझी आहे. सकाळी मी बॅटरी उलटी लावली. जावयाने केलेलं सगळं काम मी जाळलं. यांनी वायर ढिली झाली म्हणून सांगितलं, ते खोटं होतं."

"मला सकाळीच... कळलं," आई म्हणाल्या. "मी विचारलं, आणि तुम्ही... गप्प होता."

मावशींनी फक्त एकच विचारलं. "म्हणजे रात्री राहणार तुम्ही?"

घरातला एकच पलंग विकायचा राहिला होता. त्यावर दोघी बहिणी झोपल्या, मशीन भिंतीच्या सॉकेटला लावलं. आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत खोक्यांमध्ये जमिनीवर. दार उघडंच होतं. आई बोलत होत्या. नेहमीसारखं अर्धं वाक्य व्हायचं आणि श्वास संपायचा. पण मावशींना डोळे दिसत नाहीत, डोळ्यांनी सांगितलेलं त्यांना कळणार नव्हतं. मग उरलेलं अर्धं त्या स्वतःच बोलायच्या. "आणि मग तो मास्तर..." "...शिडीवरून पडला, हो, आणि उठून आपल्यालाच ओरडला!" असं चाललं होतं. क्वचित एखादं वाक्य मावशी चुकीचं पुरं करायच्या, मग आई "नाही गं" म्हणायच्या आणि दोघी हसायच्या. वर्षभरात आईंचं इतकं बोलणं आमच्या कुणाच्या कानावर पडलं नव्हतं.

अंधारात बायको माझ्या कानाशी म्हणाली, "अल्टरनेटर चालला असता तर आपण आत्ता घरी असतो."

मी हो म्हणालो. पलीकडे अप्पा पाठ करून झोपले होते. ते जागे होते, हे त्यांच्या श्वासावरून कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मावशी गेल्या. आम्ही सकाळीच निघून उजेडात परत आलो. वाटेत आई फारसं बोलल्या नाहीत, आणि आम्हीही त्यांना बोलतं केलं नाही.

पुढे बरेच दिवस अप्पांनी गाडीचं नाव काढलं नाही. मी अल्टरनेटरमध्ये नवे डायोड बसवून तो दुकानातल्या फळीवर ठेवून दिला. मी सुचवणार नव्हतो. गाडी त्यांची, डायनॅमो त्यांनी गुंडाळलेला, आणि ठरल्याप्रमाणे तो जागेवर बसलेलाही होता.

मग एका सकाळी अप्पांनी गाडी माझ्या दुकानापुढे आणून उभी केली. चाळीस वर्षांत ही गाडी दुसऱ्याच्या दुकानात गेल्याचं माझ्या माहितीत नाही.

"तो अल्टरनेटर बसवा," ते म्हणाले.

"आता कुठे जायचंय?"

"कुठे नाही. तिला संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे बघायचेत. म्हणते, मावशीकडे खिडकीतून दिसत होते. वर्षभर दिसले नव्हते तिला." ते घुटमळले. "दिवे लागल्यावर निघायचं म्हणजे आपले दिवे लावावे लागतात."

मी बॉनेट उघडलं. डायनॅमो सोडवला आणि टॉवेलात गुंडाळून त्यांच्या हातात द्यायला लागलो. त्यांनी घेतला नाही.

"तुमच्याकडे राहू दे. आर्मेचर चांगलं आहे. कुणाला तरी उपयोगी पडेल."

काम दुपारपर्यंत झालं. अप्पा स्टुलावर बसून बघत होते. एका शब्दानेही त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही, आणि त्यामुळे मलाच चुकल्यासारखं होत होतं. शेवटी मी बॅटरी बसवायला घेतली तसे ते उठून जवळ आले.

"थांबा. प्लसच्या टोकाला जाड बोल्ट घाला. आणि मायनसच्या वायरीच्या कडीचं भोक बारीकच ठेवा. म्हणजे ती प्लसवर जाणारच नाही."

"अप्पा, लाल पट्टी आहे. आणि आता बॅटरी काढायची गरजच..."

"मी काढणार," अप्पा म्हणाले. "मला माहीत आहे, मी काढणारच. रात्री मला वाटेल ती भरली नसेल, आणि मी काढून घरात नेईन. सकाळी हात आपल्या मनाने लावतील. त्या दिवशी मशीन जोडलेलं नव्हतं, जावईबापू. तिच्या नाकात नळी असती तर?" त्यांनी स्वतःचे तळवे उलटसुलट करून पाहिले. "या हातांवर तुम्ही विसंबू नका. मी विसंबत नाही."

त्यांनी जावईबापू हा शब्द पहिल्यांदाच सरळ उच्चारला होता. मी जाड बोल्ट शोधला, प्लसच्या वायरीची कडी रुंद केली, मायनसची बारीक ठेवली, आणि बॅटरी बसवली.

"आता काढा," अप्पा म्हणाले.

मी दोन्ही वायरी सोडवल्या. अप्पा पुढे झाले. त्यांनी बॅटरीचं तोंड फिरवलं, चाळीस वर्षं ठेवत होते तसं. मायनसची वायर उचलली आणि जाड बोल्टवर दाबली. कडी बसली नाही. त्यांनी अंगठ्याने जोर लावला. मग दोन्ही हातांनी, दात आवळून, सगळा जोर लावला. कडी बोल्टच्या टोकावरून घसरत राहिली.

"बरं आहे," अप्पा म्हणाले, आणि बॅटरी फिरवून माझ्याकडे दिली.